मदत हवी आहे: चौदा वर्षांचा रीफ टँक बंद करायचाय, कुठून सुरुवात करू?

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या टँकवर सल्ले देत आलो, आज स्वतःसाठी विचारतोय. माझा रीफ टँक (खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे) चार बाय दोन बाय दोन फुटांचा. संप (खालची जोडटाकी) धरून पाणी साधारण साडेचारशे लिटर. यंदा चौदा वर्षं झाली आणि आता बंद करायचाय.

टँकला काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद "पॅरामीटर्स टाका" असा येणार. घ्या: सॅलिनिटी ३५, तापमान २५.५, अल्क (पाण्याची क्षारता) ८.३, कॅल्शियम ४२५, मॅग्नेशियम १३५०, नायट्रेट ८. सगळं जागच्या जागी आहे, माझंच मन जागेवर नाही.

गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमाराला वीज गेली. बॅटरीवरचा एअरपंप काढला, टॉर्च दातात धरला आणि अंधारात नळी सोडत उभा राहिलो. पूर्वी अशा वेळी पोटात गोळा यायचा. या वेळी मनात आलं, सगळं आपोआप मेलं तर सुटू, निर्णय तरी घ्यायला नको. तेवढ्यात मादी क्लाऊनफिश नेहमीसारखी आली आणि बोटाला चावून गेली. तेरा वर्षं चावतेय. इतकी शरम वाटली की लाईट आल्यावरही झोप लागली नाही.

त्या दिवसापासून नीट लक्ष दिलं तर कळलं की मी टँक बघतच नाही. काच खरवडतो, अल्क तपासतो, स्किमरचा (पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या यंत्राचा) कप धुतो, शनिवारी बादल्या वाहतो. खुर्ची टाकून समोर बसलो त्याला किती महिने झाले आठवत नाही.

आत काय आहे ते सांगतो. अ‍ॅक्रोपोराच्या पाच वसाहती, माँटिपोरा, टॉर्च आणि हॅमर (हे सगळे कडक प्रवाळ), एक लेदर (मऊ प्रवाळ) जो फुलला की ताटाएवढा होतो, आणि झोआ (फुलांसारखे छोटे मऊ प्रवाळ) तर दगडोदगडी पसरलेत. बबल टिप अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा प्राणी, क्लाऊन त्याच्यात राहतात) एक आणला होता, विभागत विभागत सहा झाले. मासे: क्लाऊनची जोडी, यलो टँग, दोन क्रोमिस, एक मँडरिन. वाळू चार-पाच इंच, पहिल्या दिवसापासूनची.

अडलंय ते असं. काढायचा क्रम काय ठेवू? ती जुनी वाळू भीती घालतेय. अ‍ॅनिमोन मागच्या फटीत पाय रोवून बसलेत. मँडरिन फक्त कोपेपॉड (पाण्यातले बारीक जिवंत किडे) खातो, फ्रोजन खाण्याला तोंड लावत नाही, त्याचं काय करू? आणि एक मोह आहे: सगळं देऊन टाकून फक्त क्लाऊन आणि एक अ‍ॅनिमोन साठ लिटरच्या छोट्या टँकमध्ये ठेवू का?

"सोडू नका हो" असं कृपया लिहू नका. घरात ते बोलून झालंय.

---

जुनाखेकडा

आधी प्रवाळ, मग दगड, मग मासे, वाळू सगळ्यात शेवटी. दगड जागेवर असताना जाळं घेऊन टँगच्या मागे धावलात तर तुम्हीच दमाल. पाणी स्वच्छ ड्रममध्ये काढत जा, दगड त्याच पाण्यात ठेवा, ड्रममध्ये हीटर आणि पंप सोडा. टँकमध्ये वीतभर पाणी उरलं की मासे आपसूक हाती लागतात. टँगच्या शेपटीजवळचा काटा विसरू नका, तो जाळ्यात अडकतो. मोठा डबा पाण्यात बुडवून त्यातच धरा.

पाणी उतरवण्याआधी टँकमधल्या हीटरचा प्लग काढा. मी विसरलो होतो. हीटर उघडा पडून तापला, मग त्यावर पाणी उडालं आणि त्याची काच फुटली.

वाळूबद्दल तुमची भीती रास्त आहे. इतक्या जाड थराच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. काळे पट्टे दिसले आणि सडक्या अंड्यासारखा वास आला की ओळखा. आत एकही जीव असताना ढवळायची नाही. खिडक्या उघडून, थोडी थोडी काढा. "लाईव्ह सँड" (जिवाणूंनी भरलेली मुरलेली वाळू) म्हणून मागणारे भेटतील, त्यांना देऊ नका. चौदा वर्षांचा गाळ दुसऱ्याच्या टँकमध्ये कशाला?

अ‍ॅनिमोन ओढायचा नाही. पाय फाटला की बहुतेक वेळा तो जातोच. दगडासकट द्या. दगड द्यायचा नसेल तर पायाशी बर्फाचा खडा धरा, कंटाळून स्वतःच सुटतो.

---

शिंपलीवाली

साठ लिटरचा विचार सोडा. टँक लहान झाला की काम लहान होत नाही. पाणी कमी, म्हणून बाष्पीभवनाने सॅलिनिटी भराभर चढते आणि छोटी चूकही मोठी ठरते. त्यात बबल टिप म्हणजे चालता फिरता प्राणी, एके रात्री वेव्हमेकरमध्ये (पाणी फिरवणाऱ्या पंपात) गेला की सकाळी सगळं पाणी दुधासारखं.

अगदीच काही ठेवायचं असेल तर उलटं करा. मोठा टँक ठेवा आणि कडक प्रवाळ देऊन टाका. अल्क आणि कॅल्शियम मुख्यतः तेच ओढतात. लेदर, मश्रूमसारखे मऊ प्रवाळ आणि मासे एवढंच राहिलं तर डोसिंग (अल्क-कॅल्शियम बाहेरून घालणं) बंद, नुसत्या पाणीबदलावर चालतं.

---

धागाकर्ता

@शिंपलीवाली, हे सुचलंच नव्हतं. पण बादल्या तर राहतीलच ना? माझी पाठ बादल्यांवरच रुसलीय.

---

निळीशाई

झोआ "दगडोदगडी" आहेत हे वाचून मुद्दाम लॉगिन केलं. ते दगड ब्रशने घासू नका, आणि साफ होतील म्हणून उकळत्या पाण्यात तर अजिबात घालू नका. झोआ आणि त्यांच्या भाऊबंद पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन असू शकतं. दगड उकळला की ते वाफेबरोबर हवेत जातं. अशाने घरची अख्खी माणसं दवाखान्यात पोचल्याच्या घटना घडल्या आहेत. यावर उतारा नाही, जे त्रास होतील त्यांवरच उपचार करतात.

माझं थोडक्यात निभावलं. फ्रॅग (प्रवाळाचा तुकडा) कापताना चष्मा नव्हता, डोळ्यात पिचकारी उडाली. तासाभरात डोळा टोमॅटो. दोन दिवस उजेड सहन होत नव्हता. तेव्हापासून लांब हातमोजे आणि बंद गॉगल घातल्याशिवाय हात ओला करत नाही. तोंडात धातूसारखी चव आली, ताप भरला, दम लागला तर थांबू नका, डॉक्टरकडे जा आणि "पॅलिटॉक्सिन" हा शब्द स्वतः सांगा.

---

पाणकावळा

समुद्र जवळ असेल तर मासे सोडून द्या की, त्यांचंच घर ते.

---

जुनाखेकडा

@पाणकावळा, त्यांचं घर कुठल्या समुद्रात, हे कोण ठरवणार? लायनफिश पॅसिफिक आणि हिंदी महासागरातला मासा. फ्लोरिडाजवळ तो १९८५ साली पहिल्यांदा सापडला, बहुधा कुणीतरी असाच "घरी" सोडलेला. आज कॅरिबियनभर स्थानिक मासे फस्त करतोय. कॉलेर्पा शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याशी जेमतेम एक चौरस मीटर होतं, पुढे भूमध्य समुद्रात किती पसरलं ते शोधून वाचा. धागाकर्ते, संपमधलं शेवाळ टाकण्याआधी फ्रीझरमध्ये गोठवून मारा. आणि प्रवाळ देशाबाहेर कुणाला द्यायचा विचार असेल तर सगळे कडक प्रवाळ सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात, परवान्याशिवाय पाठवू नका.

---

पाणकावळा

शब्द मागे घेतो. माहीत नव्हतं.

---

ओहोटी

बाकी सगळ्यांनी कामाचं सांगितलंय. मला त्या रात्रीबद्दल लिहायचंय.

"सगळं मेलं तर सुटू" हे मलाही वाटायचं. मी मात्र कुणाला विचारलं नाही, दोन वर्षं नुसती ढकलत राहिले. मग एकदा चार दिवस बाहेर गेले. डोसिंगच्या नळीचं टोक पाण्यात बुडलेलं राहिलं होतं, सायफन होऊन अल्कचा अख्खा डबा टँकमध्ये उतरला. परत आले तर अ‍ॅक्रोपोराची कातडी फडक्यासारखी लोंबत होती. ते टोक वर बांधायचं मला चांगलं माहीत होतं. लक्ष उडालं की माहिती उपयोगी पडत नाही.

तुमचं अल्क अजून ८.३ आहे. म्हणजे देताना धडधाकट जीव द्याल. ते आकडे बिघडायच्या आत सगळे हलवा. टॉर्च आणि हॅमर थर्माकोलच्या तुकड्याला उलटे टांगून पिशवीत सोडा, मांसल भाग प्लॅस्टिकला घासत नाही. क्लाऊनची जोडी फोडू नका, दोघं एकाच घरी द्या. वीस वर्षांहून जास्त जगलेले क्लाऊन आहेत, तुमच्या बाईसाहेबांची अजून बरीच चावायची राहिलीत.

---

धागाकर्ता

@ओहोटी, हे दोनदा वाचलं. मग डोसिंगची नळी बघून आलो. टोक पाण्याला टेकलं होतं.

---

धागाकर्ता (सात आठवड्यांनी)

अपडेट देतो, उशीर झाला.

प्रवाळ तीन घरी गेले. लेदर निघेना, तो दगडासकट दिला. उचलायला दोघे लागलो. गॉगल आणि हातमोजे घातले होते, @निळीशाई, शेजारच्या मुलाने फोटो काढलाय, तो दाखवणार नाही. बर्फाच्या खड्याने चार अ‍ॅनिमोन सुटले, दोन हट्टी निघाले, ते दगडाबरोबर गेले. हीटरचा प्लग आधी काढला.

क्लाऊन जिथे गेले तिथून व्हिडिओ आला. नवा अ‍ॅनिमोन, तोही चांगला मोठा, दिमतीला दिलाय. दोघं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, काच पुसायच्या चुंबकाशेजारी झोपतात. नव्या मालकाच्या बोटाला मात्र पहिल्याच दिवशी प्रसाद मिळाला.

वाळू अजून आतच आहे, कारण मँडरिन. तो सापडला नाही असं नाही, दोनदा डब्यात आला होता. पण ज्यांनी मागितला त्यांचा टँक पाच महिन्यांचा, त्यात कोपेपॉड कितीसे असणार? मी नाही म्हटलं. त्यामुळे सध्या चार फुटी टँक, सहा दगड, संपमध्ये शेवाळाचा कप्पा, स्किमर चालू, आणि आत बोटाएवढा एक मासा. काल त्याच्यासमोर खुर्ची टाकली होती.

वर्ष-दोन वर्षं मुरलेला, भरपूर दगड असलेला आणि दुसरा मँडरिन नसलेला टँक कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घाई नाही.