वुल्फमध्ये एकट्याने जाणं फारच स्वस्त पडतंय का? पॉइंट कसे लावता तुम्ही?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे चौघे अधूनमधून रविवारी पुण्याला गोल्फ खेळायला जातो. पहाटे तीनला निघायचं, टेंभुर्णीला चहा घ्यायचा आणि सकाळचा टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) गाठायचा. चौघांत एक डॉक्टर (हँडिकॅप 8; हा आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला), मी (14), एक सीए (19) आणि चादर-टॉवेलचा कारखाना चालवणारा शाळेपासूनचा मित्र (24). त्याला खाली कारखानदार म्हणतो.

आम्ही वुल्फ खेळतो. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक होलला एकजण वुल्फ, पाळी फिरत राहते. बाकीचे एकेक करून टीवरून (होल जिथून सुरू होतो तिथून) मारतात. प्रत्येकाचा बॉल पडला की पुढच्याने मारायच्या आत वुल्फने सांगायचं, हा माझा पार्टनर की नाही. कोणीच नको असेल तर तो एकटा विरुद्ध तिघे. दोन्ही बाजूंचा सगळ्यात चांगला, म्हणजे कमी फटक्यांचा, स्कोअर धरायचा. 16 होलांत प्रत्येकाची चारदा पाळी येते, 17 आणि 18 ला जो तळाला असेल तो वुल्फ.

आमचे पॉइंट असे. वुल्फ आणि पार्टनर जिंकले तर दोघांना 2-2. समोरची जोडी जिंकली तर त्यांना 3-3. वुल्फ एकटा जिंकला तर त्याला 4. एकटा हरला तर बाकी तिघांना 1-1. बरोबरी झाली तर कोणालाच काही नाही. पॉइंटला वीस रुपये, आणि शेवटी प्रत्येकाचा प्रत्येकाशी फरकाने हिशेब. पैसे कोणी खिशात घालत नाही. परतताना भिगवणला मासे खायला थांबतो, त्या बिलात ज्याचं जेवढं देणं निघेल तेवढं तो भरतो.

भांडण इथूनच सुरू होतं. कारखानदार पाळी आली की बहुतेक वेळा एकटाच जातो. हरतो जास्त, जिंकतो कमी, आणि तरी भिगवणच्या बिलात त्याचा हात खिशाकडे जात नाही. त्याचं म्हणणं, "हिंमत लागते बे एकट्याने जायला." सीए म्हणतो पॉइंटच चुकीचे आहेत. डॉक्टर म्हणतो खेळ आहे, सोडा. भिगवण ते मोहोळ गाडीत हेच चालतं. मला खरंच जाणून घ्यायचंय की कोण बरोबर आहे, आणि एकट्याने कधी जावं, कधी जाऊ नये.

पेठेतला_पटर

वुल्फ सोडा, स्किन्स खेळा. प्रत्येक होलची एक किंमत, एकट्याचा सगळ्यात कमी स्कोअर असेल तर त्याची, बरोबरी झाली तर ती किंमत पुढच्या होलवर चढते. 1983 मध्ये पामर, निक्लॉस, प्लेअर आणि वॉटसन टीव्हीसाठी हेच खेळले होते. हिशेब बोटांवर होतो, वाद नाही.

विजापूर_रोड

स्किन्स चांगला खेळ आहे, पण त्यात पार्टनर नाही. चार मित्र एका गाडीतून इतक्या लांब जाणार असतील तर एकमेकांसाठी पट (होलजवळचा हलका फटका) घालायची मजा त्यांनी का सोडावी? वुल्फच खेळा, फक्त आकडे बदला. फौजेत असताना वेलिंग्टनला आणि महूला हा खेळ भरपूर खेळलो आहे, आणि प्रत्येक ठिकाणी हाच वाद ऐकला आहे.

तुमचे सीए बरोबर आहेत आणि कारखानदारही बरोबर आहे. पॉइंट बाजूला ठेवा आणि रुपयांत बघा. तुम्ही प्रत्येकाशी फरकाने हिशेब करता, तेव्हा एकटा जिंकला तर तिघांपेक्षा 4 पॉइंट वर, म्हणजे 4 गुणिले 3 गुणिले 20: 240 रुपये. एकटा हरला तर तिघांच्या प्रत्येकी 1 पॉइंट खाली, म्हणजे 60. आता पार्टनर घेतला तर? जिंकलात तर समोरच्या दोघांपेक्षा 2 पॉइंट वर, म्हणजे 80 रुपये. हरलात तर त्या दोघांच्या 3 पॉइंट खाली, म्हणजे 120.

यातून काय निघतं ते नीट बघा. बरोबरीचे होल सोडून द्या, ज्यांचा निकाल लागतो तेच धरा. एकट्याने जाणाऱ्याने पाचातला एक होल जिंकला की त्याचं नुकसान शून्य. पार्टनर घेणाऱ्याला मात्र पाचातले तीन जिंकावे लागतात, तेव्हा कुठे तो बरोबरीत येतो. म्हणजे तुमच्या आकड्यांत जोडी करणं महाग आणि एकटं जाणं स्वस्त. कारखानदाराने हे कागदावर मांडलं असेल किंवा नसेल, व्यापारी माणसाला भाव कळतो. त्याला दोष देऊ नका.

दोन आकडे बदला. समोरच्या जोडीला 3 ऐवजी 2. आणि वुल्फ एकटा हरला तर तिघांना 1 ऐवजी 2. बाकी सगळं तेच. आता जोडीने जिंकलं तर 80, हरलं तर 80. एकट्याने जिंकलं तर 240, हरलं तर 120, म्हणजे तीनातला एक जिंकला पाहिजे. समजा कोणी पाच वेळा एकटा गेला आणि एकदाच जिंकला. जुन्या हिशेबात तो बरोबरीत सुटायचा, नव्यात 240 रुपये खाली जाईल. आता हिंमतीला खरी किंमत आली.

काहीजण म्हणतात की वुल्फला निवडीचा फायदा असतो म्हणून समोरच्यांना 3 द्यावेत. पटत नाही. तो फायदा पाळीपाळीने सगळ्यांनाच मिळतो, त्याची भरपाई कशाला?

कोणाचाही टी शॉट व्हायच्या आधीच "मी एकटा" म्हणायची मुभा ठेवायची असेल तर जिंकल्यावर 6 द्या, हरल्यावर तिघांना 2-2 च ठेवा. म्हणजे चारातला एक जिंकावा लागतो. चौघे अगदी सारखे असते आणि होल कधीच बरोबरीत सुटले नसते तर न बघता जिंकण्याची शक्यता तेवढीच असती. बरोबरी होतेच, त्यामुळे प्रत्यक्षात ती कमी असते. तेव्हा हे रोज करण्याचं काम नव्हे.

आता कधी एकटं जावं. तुमच्या चौघांत याचं उत्तर टी शॉटपेक्षा कार्डावर जास्त आहे. स्ट्रोक इंडेक्स म्हणजे कार्डावरचा होलच्या अवघडपणाचा क्रमांक, 1 सगळ्यात अवघड. डॉक्टरला शून्य धरलं तर तुम्हाला 6, सीएला 11 आणि कारखानदाराला 16 स्ट्रोक, म्हणजे तेवढ्या अवघड होलांवर एकेक फटका वजा. तेव्हा इंडेक्स 1 ते 6 च्या होलवर डॉक्टर सोडून तिघांनाही स्ट्रोक मिळतो. तिथे एकट्याने जाणाऱ्याला दोन स्ट्रोकवाल्यांशी आणि एका चांगल्या खेळाडूशी लढावं लागतं, म्हणून पार्टनर घ्या. 7 ते 11 वर सीए आणि कारखानदार. 12 ते 16 वर फक्त कारखानदाराला स्ट्रोक आहे, तिघांचे टी शॉट वाकडे गेले असतील तर त्याने तिथे जरूर एकटं जावं. 17 आणि 18 इंडेक्सला कोणालाच स्ट्रोक नाही, ते होल डॉक्टरचे. तिथे डॉक्टर वुल्फ असेल आणि त्याचा बॉल ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर) असेल, तर त्याने पार्टनर शोधत बसू नये.

पार्टनर निवडताना लोक सगळ्यात लांब ड्राइव्ह बघतात. त्याऐवजी दोन गोष्टी बघा. एक, त्याला या होलला स्ट्रोक आहे का? तुम्हाला नसेल आणि त्याला असेल तर फेअरवेच्या कडेला पडलेला त्याचा बॉलही सोनं आहे. दोन, तुम्ही स्वतः सुरक्षित असाल तर बेभरवशाचा पार्टनर घ्या. जोडीत एकच स्कोअर धरला जातो, त्यामुळे त्याने आठ मारले तरी तुमचं काही जात नाही, आणि ज्या दिवशी त्याने चार मारले त्या दिवशी होल तुमचा. तुमचाच बॉल झाडीत असेल तर मात्र घरंगळत का होईना, मधोमध गेलेला माणूस निवडा.

आणि वुल्फने सगळ्यात आधी मारायचं की शेवटी, हे ठरवून घ्या. आधी मारा असं मी सांगेन. स्वतःचा बॉल कुठे आहे हे माहीत असताना घेतलेला निर्णयच विचारपूर्वक असतो. शेवटी मारलं तर पार्टनर आधी ठरतो आणि स्वतःचा शॉट नंतर कळतो.

जुळे_सोलापूर

काका, मनापासून आभार. मागच्या राउंडचं कार्ड ग्लोव्ह बॉक्समध्येच होतं, रात्री नव्या आकड्यांनी परत मांडलं. कारखानदार तरीही वर राहिला, पण डॉक्टरच्या खाली. ग्रुपवर टाकलं तर त्याचं एवढंच उत्तर आलं, "चालतंय बे, खेळू." सीए लै खूश आहे.

वुल्फ आधी मारणार हेही ठरलं. आतापर्यंत आमच्यात तो शेवटी मारायचा. आणि इंडेक्स 12 ते 16 ची गोष्ट तर कधी कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

दोन शंका राहिल्या. डॉक्टरला कधी ऐनवेळी इमर्जन्सी येते आणि आम्ही तिघेच उरतो, तेव्हा काय खेळावं? आणि गिमीचं काय, म्हणजे होलजवळचा पट न खेळताच पडला असं धरायचं त्याचं? एका बाजूला पार्टनरच "घेऊन टाक" म्हणतो, दुसऱ्या बाजूला कोणी काही बोलत नाही.

होटगी_रोडची_ताई

तिघांसाठी नऊ पॉइंटचा खेळ घ्या. आम्ही तिघी मैत्रिणी तोच खेळतो आणि मला तर चौघांच्या कुठल्याही खेळापेक्षा तो आवडतो, कारण त्यात एकही होल वाया जात नाही. प्रत्येक होलला नऊ पॉइंट वाटायचे: पहिल्याला 5, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 1. पहिल्या जागेसाठी दोघांची बरोबरी झाली तर 4-4-1. दुसऱ्या जागेसाठी झाली तर 5-2-2. तिघेही सारखे असतील तर 3-3-3. बेरीज नेहमी नऊ आली पाहिजे, म्हणजे कार्ड लिहिताना चूक झाली तर लगेच सापडते. 18 होलांचे 162 पॉइंट, प्रत्येकाचे सरासरी 54. ज्याचे 54 च्या खाली, त्याने तेवढं भरायचं. स्ट्रोक द्यायची पद्धत तुमचीच, तिघांत जो सगळ्यात कमी हँडिकॅपचा त्याला शून्य धरून.

यात डाव असा आहे की पहिलं येण्याइतकंच तिसरं न येणंही बघावं. 3 वरून 1 वर घसरलात की दोन पॉइंट गेले, तेवढेच 3 वरून 5 वर जाऊन मिळतात. तेव्हा पाण्यावरून मारायचा धोका घेण्याआधी दुसरे दोघे कुठे आहेत ते बघा. त्यांच्यातला एकजण आधीच पाण्यात गेला असेल तर तुम्ही सरळ बाजूने जा.

गिमीबद्दल मी ठाम आहे. वुल्फमध्ये पट सोडायचा अधिकार फक्त विरुद्ध बाजूचा. पार्टनरने बोलायचंच नाही. मॅच प्लेच्या (होलाहोलाने लढतीच्या) नियमातही अशी सूट प्रतिस्पर्धीच देतो, आणि एकदा दिली की ती मागे घेता येत नाही, नाकारताही येत नाही. वुल्फ एकटा असेल तर त्याला पट सोडायला तिघांपैकी एकाने हो म्हटलं तरी पुरे, असं आम्ही ठरवलंय. नऊ पॉइंटच्या खेळात बाजूच नसतात, म्हणून तिथे गिमी अजिबात नको, प्रत्येकाने बॉल होलमध्ये घालायचा. वेळ जातो म्हणाल तर पटरच्या ग्रिपएवढं, म्हणजे काठीच्या धरायच्या भागाएवढं, अंतर ठरवा, ग्रिपच्या आत असेल तर उचला, बाहेर असेल तर खेळा. पण हे पहिल्या टीवर ठरलं पाहिजे, चौदाव्या ग्रीनवर नाही.

जुळे_सोलापूर

ताई, ग्रिपएवढं अंतर पक्कं. नऊ पॉइंटचं कोष्टक छापून बॅगेच्या खिशात ठेवतोय.