आपली चार खोल्यांची शाळा : सातवीनंतर कोण कुठं पोचलं, सांगा की

निळी_रिबन
परवा नाईटला होते. वॉर्डात सोलापूरच्या एक आजी आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. रात्री दोनला जाग्या झाल्या आणि म्हणाल्या "काय करलालीस गं बाई एवढ्या रातीचं, झोपत न्हाईस का?" पुण्यात इतकी वर्षं झाली, असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं आजी कुठल्या, तर म्हणे अशोक चौक. मग काय, अर्धं मराठी अर्धं तेलुगू असं उजाडेपर्यंत चाललं आमचं, मध्ये मध्ये सलाईन बघत. तेव्हापासून शाळा डोक्यातून जात नाहीये.

माझं सांगते. आई विड्या वळायची, मी शाळेच्या आधी पानं कापायला बसायची. ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवलेली तेंदूची पानं, वर पत्र्याचा साचा ठेवून कात्री फिरवायची. हाताचा वास शाळेत जायचा. आपल्या वर्गात निम्म्या पोरींच्या हाताला तोच वास असल्यामुळं कुणाला काही वाटायचं नाही. सातवीला बाईंनी डॉ. कोटणीसांची गोष्ट सांगितली होती, आठवते का? आपल्या सोलापूरचा माणूस, 1938 ला चीनला लढाईतल्या जखमींना बरं करायला गेला, 1942 ला तिकडंच वारला, वय फक्त 32. पुस्तक मिटून सांगत होत्या बाई. मी घरी जाऊन आईला म्हटलं मला दवाखान्यात काम करायचंय. आईनं मान पण वर केली नाही, विडी वळता वळता म्हणाली, "मग शिक." विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती असते, त्याचा फॉर्म बाईंनीच माझ्याकडून भरून घेतला, सही कुठं करायची तेही बोट ठेवून दाखवलं. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा कोर्स केला, आज आयसीयूला सिस्टर इन्चार्ज आहे.

आता तुम्ही सांगा. सगळे सांगा. कोण काय करलालाय?

मधली_सुट्टी
मी आहे गं!! कुकर लावलाय, नंतर लिहिते

धोटा_आणि_कांडी
मी सोलापुरातच. कुठं जाणार बे आपण. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा मी सहावीत. घरात दोन-तीन महिने कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मग बाबांनी दुसऱ्याकडं मागावर कामाला सुरुवात केली, दहावीनंतर मीपण. आता एमआयडीसीत शेडमध्ये आपले माग आहेत, टॉवेल आणि नॅपकिन. चादर सोडली. त्याचं कारण सांगतो, लोकांना माहीत नसतं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हीला 2005-06 ला जीआय मिळालं, म्हणजे हे नाव इथल्याच मालाला. पण बाजारात बघा, बाहेरून आलेला हलका माल सोलापुरी म्हणून निम्म्या भावात विकतात. गिऱ्हाईक हात लावून बघत नाही, चित्र बघतं. खऱ्या जेकार्ड मागावरच्या चादरीला दोन्ही बाजूंनी डिझाईन असतं, रंग फक्त उलटे दिसतात. घरातली जुनी चादर उलटी करून बघा आत्ता.

शाळेचं म्हणशील तर मला गणिताच्या बाईंनी टक्केवारी शिकवली ती रोज लागते. सुताचा भाव, वेस्टेज, मजुरी, लाईटबिल. अजून तोंडीच करतो, पोरगं मोबाईल काढेपर्यंत माझं उत्तर तयार असतं.

हिंजवडीकर_सोलापुरी
अरे धोटा तू म्हणजे रथाच्या दिवशी पिपाणी घेऊन वर्गात आलेला तोच ना?

धोटा_आणि_कांडी
तोच बे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ असताना शाळा ठेवायचीच कशाला. अर्धा वर्ग पद्मशाली विणकरांचा, मार्कंडेय त्यांचा देव, वर्गात बसणार कोण.

काळा_कोट
मी वकील. जिल्हा कोर्ट. मला शाळेनं वकील केलं हे मी सगळ्यांना सांगतो. 12 जानेवारीची प्रभातफेरी आठवा, चार हुतात्मा पुतळ्यापर्यंत चालत, मग मैदानात भाषणं. चौथीत होतो, घरी कानडी, मराठी बोलताना अडखळायचो, र आणि ल मध्ये गोंधळ व्हायचा. बाईंनी मलाच उभं केलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, ही चार नावं न थांबता घ्यायची आणि मग 1931 साली येरवड्याला फाशी दिली हे वाक्य. आठवडाभर मधल्या सुट्टीत व्हरांड्यात म्हणून घेतलं माझ्याकडून. बाई म्हणायच्या, नाव घेताना खाली बघायचं नाही. ज्या दिवशी म्हटलं त्या दिवशी माझी भीती गेली ती गेलीच. आजही कोर्टात उभा राहिलो की पहिलं वाक्य संपेपर्यंत समोर बघतो, कागद नंतर.

चार नावं चार घरांतली, बघा. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. आपल्या वर्गाचा हजेरीपट तसाच होता. ते तेव्हा कुणी समजावून सांगितलं नाही, तसंच होतं म्हणून. आता माझ्या मुलीच्या शाळेत सगळी एका पगाराच्या घरातली पोरं, मला त्याची काळजी वाटते.

मधली_सुट्टी
काळा कोट खरंय अगदी. आणि भाषण झाल्यावर गोळ्या वाटायचे त्या लिमलेटच्या. माझ्या मुलांना दिल्या तर म्हणतात हे काय

बाळीवेस
कुणाला पाणी आलंय का आज? आमच्याकडं चार दिवस झाले

धोटा_आणि_कांडी
उद्या पहाटे येणारे म्हणतात. मोटर तयार ठेव

बाळीवेस
उजनी धरण भरलं तरी आपल्याला चौथ्या पाचव्या दिवशी. असो. मी मेडिकल दुकान चालवतो, लग्न झालं, दोन मुलं, एकदम मजेत. लिहिण्यासारखं काय नाही पण वाचलालोय सगळं.

कुंभारीची_अक्का
मला एवढं लिहिता येत नाही, पोरगी टाईप करून देतीय, मी सांगते.

मी सातवीनंतर शाळा सोडली. वर्गात माझा तिसरा नंबर असायचा, निळ्या रिबनला माहिती आहे, तिचा दुसरा. वडील वारले, आईच्या एकटीच्या हातानं हजार विडी होईना, मग मी बसले. आजपर्यंत बसते. आधी जुडी बांधायचे, मग वळायला शिकले, नंतर टोक मुडपून दोरा गुंडाळायचा इतकं हाताला बसलं की बघावं लागत नाही. आता उजव्या हाताचा अंगठा रात्री ठणकतो, गरम पाण्यात धरते. कारखान्यात माल द्यायला गेलं की छाट काढायचे, शंभरातल्या कितीतरी बाजूला, आणि त्याचं पान-तंबाखू आपल्याच अंगावर. त्याचा राग मला अजून आहे.

पण घर आहे माझं. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत. त्याच्या आधी एका खोलीत सात माणसं होतो, भाडं वेगळं. किती मोर्चे काढले आमचे कामगार पुढारी आडम मास्तरांच्या मागं, ऊन बघितलं नाही. चावी हातात दिली तेव्हा मी दार उघडून आधी मोरी बघितली, स्वतःची मोरी. पुढं 2024 च्या जानेवारीत रे नगर वसाहतीची 15 हजार घरं दिली, माझी नणंद तिकडं गेली.

आणि ही टाईप करणारी, बी.फार्म. दुसरं वर्ष. तिला मी पानाला हात लावू दिला नाही.

(आई, हे मी लिहू का नको विचारत होते, ती म्हणाली लिही. — मुलगी)

निळी_रिबन
अक्का!!! तू आहेस इथं. तुझा आवाजच ऐकू आला गं मला वाचताना. तुझं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं, दुसरा नंबर तुझाच यायला हवा होता. अंगठ्याचं दाखव कुणाला तरी, सिव्हिलला ऑर्थोची ओपीडी असते, नुसतं गरम पाणी नको. सुट्टीला आले की मीच येते घेऊन जायला. आणि मुलीला सांग इंटर्नशिपचं काही लागलं तर मला हक्कानं फोन कर.

काळा_कोट
अक्का, पीएफचं काही अडलं असलं तर माझ्याकडे या. विडी कामगारांना पीएफ लागू आहे, कारखान्यानं नाव बरोबर लिहिलंय का आणि आधारशी जुळतं का एवढं आधी बघा. नावाच्या स्पेलिंगवर किती बायकांचे पैसे अडकलेत. फी घेणार नाही, शाळेचं नातं आहे.

कुंभारीची_अक्का
येते दादा. आधारवर एक आणि कार्डावर एक आहे नाव. बरं झालं बोललास.

हिंजवडीकर_सोलापुरी
मी काय लिहू आता अक्कानंतर. सॉफ्टवेअर टेस्टिंग. आईबाबा सोलापुरात, मी हुतात्मा एक्सप्रेसचा माणूस. शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून बसायचं, रात्री घरी. सोमवारी पहाटे आई पाचला उठून डबा करणार, कितीही सांगा. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही वेगळ्या डबीत. कुर्डुवाडीच्या पुढं गाडीत सगळेच आपापला डबा उघडतात. वंदे भारत आली 2023 ला, ती फास्ट आहे पण तिकीट बघता दर आठवड्याला नाही परवडत, आणि तिच्यात आपली माणसं कमी भेटतात.

आईला पुण्याला या म्हणतो. येते, आठ दिवसांत परत. तिथं बोलायला कोण नाही म्हणते. मी तर एकुलता, ह्याचं काय करायचं मला खरंच कळत नाही. तुमच्यापैकी कुणी कसं केलंय ते सांगा.

बाळीवेस
नको आणू. मी रोज तुमच्या गल्लीतूनच जातो, बीपीच्या गोळ्या मीच देतो काकूंना. नंबर देऊन ठेव तुझा, कधी काय लागलं तर मी पाच मिनटात.

हिंजवडीकर_सोलापुरी
तू??? आई सांगते "तो मेडिकलवाला फार चांगला मुलगा आहे" तो तू?

बाळीवेस
हो बे 😄 मला पण आत्ता कळलं त्या तुझ्या आई

मास्तरीण
उशीर झाला, पेपर तपासत होते. मी झेडपी शाळेत शिक्षिका, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाची हद्द जवळच. दोन शिक्षकी शाळा, पट कमी, पहिली ते चौथी. पोरं घरी कानडी बोलतात आणि पहिलीला मराठी पुस्तक समोर. पहिल्या वर्षी एक मुलगा जून ते दिवाळी बोललाच नाही. लोक म्हणाले मंद आहे. मला आपल्या वर्गातला काळा कोट आठवला, खरं सांगते. मी त्याला म्हटलं तुझ्या भाषेत सांग, आणि दुसऱ्या मुलीला मराठीत करायला लावलं. त्यानं म्हशीच्या बाळंतपणाची अख्खी हकीकत सांगितली, रेडकाचे पाय आधी कसे आले, आजोबांनी कसं ओढलं. सगळा वर्ग गप्प बसून ऐकत होता. आता तो चौथीत आहे आणि वर्गात त्याला गप्प करावं लागतं.

हे माझं डोकं नाही. आपल्या बाई हेच करायच्या. तेलुगूत सांग म्हणायच्या आणि मग शेजारच्याला "आता हा काय म्हणाला ते मराठीत सांग." आपल्याला तो खेळ वाटायचा. डी.एड.ला मी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या डिसले गुरुजींना 2020 ला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा टीव्हीवर सगळीकडं परितेवाडी परितेवाडी चालू होतं, मला इतका आनंद झाला, माढ्यातली एक छोटी शाळा. आणि त्याच वेळी आपल्या बाई आठवल्या, त्यांच्यावर कुणी बातमी केली नाही.

काळा_कोट
मास्तरीणबाई, तुमच्या शाळेत एकदा मला बोलवा. त्या पोराशी कानडीत बोलायचंय मला.

मास्तरीण
कधीही या. शनिवारी सकाळची शाळा असते.

मधली_सुट्टी
आले, जेवणं झाली. मी केटरिंग करते, हुरड्याच्या सीझनला ऑर्डर जास्त. नवरा रिक्षा चालवायचा, कोविडमध्ये गेला, तेव्हापासून मी एकटीच बघते. शेंगाची चटणी उखळातच कुटते, मिक्सरला तेल सुटत नाही तसं, चव उतरते. बंगलोर, हैदराबादला पाठवते आता. आठवीत इंग्रजीत नापास झालेली मी, लेबलवर इंग्रजी स्वतः लिहिते. बाकी परत कधीतरी, भांडी राहिलीत.

निळी_रिबन
मला माहीतच नव्हतं गं. कळवलं पण नाहीस.

मधली_सुट्टी
कुणाला कळवणार होते तेव्हा. आता आहात ना. चटणी पाठवते पुण्याला, पत्ता टाक.

धोटा_आणि_कांडी
मास्तरीण, पट किती तुझा? पोरांना नॅपकिन पाठवतो. आमच्याकडं कडा थोडी तिरकी गेलेला माल राहतो, वापरायला एक नंबर असतो.

मास्तरीण
तेवीस. आणि तिरकाच पाठव, पण एक धोटा आणि थोड्या कांड्या पण टाक त्यात, आमच्या पोरांनी माग बघितलेलाच नाही. रंगीत सुताच्या असल्या तर बरं.

धोटा_आणि_कांडी
लाल आणि हिरव्या आहेत. शनिवारी वकील येणार असतील तर त्यांच्याच गाडीत टाकतो.

काळा_कोट
टाक. सकाळी साडेसहाला शेडवर येतो, चहा ठेव.