मदत हवी आहे: लेकीला थॉमस ड्युईंची बाजू लढवायची आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत राहतो. लेक अकरावीत. इतिहासाच्या तासाला १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीवर वादविवाद आहे. चिठ्ठ्या टाकल्या. मैत्रिणीला आले तेव्हाचे अध्यक्ष, डेमोक्रॅट ट्रुमन, एका मुलाला वंशभेद टिकवायचा म्हणून त्यांच्याच पक्षातून फुटलेले स्ट्रॉम थरमंड, दुसऱ्याला प्रोग्रेसिव्ह पक्षाचे हेन्री वॉलेस आणि आमच्या बाईसाहेबांना रिपब्लिकन ड्युई. घरी आल्या त्या दप्तर फेकतच. "आई, मला हरलेला माणूस मिळाला!"

शिक्षिकेची अट अशी, की आज ऑक्टोबर १९४८ आहे असं धरायचं, पुढचं काही माहीत नाही. म्हणजे ट्रुमन हसत हसत 'ड्युईंनी ट्रुमनना हरवलं' असा मथळा छापलेला शिकागो ट्रिब्यून उंच धरतात, तो फोटो बाद. माझं ड्युईज्ञान नेमकं तिथेच संपत होतं. चार दिवस वाचतेय आणि आता मलाच हा माणूस आवडायला लागलाय.

न्यूयॉर्कचे गव्हर्नर. त्याआधी सरकारी वकील असताना लकी लुचियानोसारख्या माफियाला आत धाडलेलं. नोकरी देताना वंश-धर्म बघायला बंदी घालणारा कायदा १९४५ मध्ये यांच्या सहीने झाला, आणि असा कायदा करणारं न्यूयॉर्क पहिलं राज्य. मे १९४८ मध्ये पक्षातल्याच हॅरल्ड स्टॅसनशी रेडिओवर जुंपली. स्टॅसन म्हणत होते कम्युनिस्ट पक्षावर बंदी घाला. ड्युई म्हणाले, नको, विचार बंदुकीने मरत नाहीत. त्या दिवसांत हे बोलायला छाती लागते हो.

आणि याच माणसाची सप्टेंबरपासूनची भाषणं? अळणी वरण! एकजूट, कार्यक्षम कारभार, उज्ज्वल भविष्य. चाचण्यांत आघाडी आहे तर उगाच कुणाला कशाला दुखवा. जनमत चाचण्या घेणाऱ्या रोपरने तर निकाल लागल्यात जमा म्हणून सप्टेंबरातच चाचण्या बंद केल्या. तोंड सुटलं ते एकदाच, १२ ऑक्टोबरला. इलिनॉयमधल्या एका छोट्या गावात भाषण चालू असताना यांची प्रचाराची आगगाडी अचानक मागे, गर्दीच्या अंगावर, काही फूट सरकली. कुणाला लागलं नाही, पण ड्युई सगळ्यांदेखत ड्रायव्हरला वेडा म्हणाले, पहाटे गोळी घालायला हवी म्हणाले. पुढे 'या वेळी सोडून देऊ' असंही म्हणाले, पण ते कोण लक्षात ठेवतो. मैत्रीण हे काढणारच, तारीख नियमात बसते.

माझी खरी अडचण वेगळी आहे. ट्रुमन 'काहीच न करणारी ८०वी काँग्रेस' म्हणून तेव्हाच्या अमेरिकी संसदेला झोडपतात आणि तिथे बहुमत ड्युईंच्याच पक्षाचं. जुलैत खास अधिवेशन बोलावलं, तेही फुकट गेलं. यावर लेकीने काय बोलावं? आणि थरमंडशी कसं वागावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, युद्धानंतर युरोपला सावरायला मदत देणारा मार्शल प्लॅन याच काँग्रेसने मंजूर केला, एप्रिल १९४८ मध्ये. 'रिकामटेकडी माणसं युरोप उभा करतात का?' एवढंच विचारू दे. मात्र कामगारांचा विषय आपणहून काढू नये. कामगार संघटनांवर बंधनं घालणारा टॅफ्ट-हार्टले कायदा ट्रुमनचा नकाराधिकार डावलून याच मंडळींनी केला. मक्याचंही तेच. सरकारला नवी कोठारं घ्यायला यांनी अटकाव केला आणि ऐन सुगीत भाव पडले. शेतीवर प्रश्न आला तर तिथे ड्युईंकडे उत्तर नव्हतं, लेकीने तरी एखादं तयार ठेवावं.

प्रतिसाद २

थरमंडच्या नादी लागूच नये, त्याच्या आडून ट्रुमनना गाठावं. नागरी हक्कांच्या ठरावावरून मिसिसिपीचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाच्या अधिवेशनातून उठून गेले ते ट्रुमनच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे. सैन्यातला भेदभाव संपवायचा आदेश ट्रुमननी काढला या जुलैत. 'माझा कायदा तीन वर्षांपूर्वीचा आहे' हे वाक्य शेवटी ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! कोठारांचं वाचनात आलंच नव्हतं. लेकीने काल रात्री नियम मोडून निकाल पाहिला. ओहायो गेलं ७,१०७ मतांनी. इलिनॉय आणि कॅलिफोर्नियाही थोडक्यात गेली. अध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या प्रतिनिधी-मतांवर (इलेक्टोरल मतं); ही तिन्ही मिळती तर ड्युईंची १८९ ची २६७ झाली असती, हवी होती २६६. तेव्हापासून ती इरेला पेटलीये.

आता नवा प्रश्न. ड्युईंना लोक लग्नाच्या केकवरचा नवरदेव म्हणून चिडवायचे ते त्या मिशीमुळे, म्हणून मिशी हवीच म्हणते. काजळाने काढली तर दोन तास टिकेल का?