तुरुंगातले योगवर्ग आणि विपश्यना शिबिरं सक्तीची करावीत का?

इगतपुरीकर
आपल्याकडे तुरुंगाची चर्चा होते ती पळालेल्या कैद्याची, नाहीतर बड्या कैद्याला घरून येणाऱ्या डब्याची. आतल्या माणसाच्या डोक्याचं काय होतं, यावर कोणी बोलत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरच्या तुरुंगांत ११९ आत्महत्या नोंदल्या आहेत.

यावर उपाय आपल्या देशातच सापडलेला आहे. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंकांनी पहिलं शिबिर घेतलं (विपश्यना म्हणजे दहा दिवस मौन पाळून श्वासावर आणि शरीरातल्या संवेदनांवर लक्ष ठेवायचं ध्यान). राजस्थानचे तेव्हाचे गृहसचिव राम सिंह यांचा पुढाकार होता. काही कैद्यांना बेड्या घालूनच आणलं होतं. त्या काढल्याशिवाय शिकवणार नाही असं गोएंकांनी सांगितलं आणि बेड्या निघाल्या. पुढे किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना १९९३ मध्ये तिथे शिबिरं सुरू झाली आणि एप्रिल १९९४ मध्ये एकाच वेळी हजारावर कैदी ध्यानाला बसले. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सात तुरुंगांत दहा आठवडे योगवर्ग चालवून पाहिले. २०१३ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार वर्ग करणाऱ्यांचा ताण कमी झाला आणि स्वतःला आवरण्याच्या चाचणीतही ते सरस ठरले.

मी स्वतः शिबिरांत सेवा देतो, त्यामुळे माझा कल उघड आहे. माझं म्हणणं, महाराष्ट्रातल्या प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात हे दिनक्रमात सक्तीचं करावं. ऐच्छिक ठेवलं तर ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तोच येत नाही.

काळा_कोट
दादा, आत सक्तीची टंचाई नाही. कधी उठायचं, कधी जेवायचं, सगळं सक्तीचंच आहे. त्यात शांत होण्याचीही सक्ती?

मी विधी सेवेच्या केसेस चालवते. तुम्ही दिलेल्याच वर्षाची आकडेवारी पुढे वाचा: ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा सिद्धच झालेला नाही. माझ्या अशिलांना झोप का लागत नाही, ते मला माहीत आहे. गार्ड मिळाला नाही म्हणून पेशी हुकते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार उभा राहत नाही. बायको मुलाखतीला यायची बंद झालेली असते. हा आजार नाही, परिस्थिती आहे. तिच्यावर श्वासाकडे लक्ष द्या हे उत्तर देणं मला क्रूर वाटतं.

रोखठोक_सातारा
ज्याचा भाऊ मारला गेला त्याच्यासाठी सरकारने कुठलं शिबिर काढलंय? आधी त्याचं बघा, मग कैद्यांच्या मनःशांतीचं.

काळा_कोट
रोखठोक, पीडितांच्या घरच्यांसाठी समुपदेशन हवंच. त्यासाठी वेगळा धागा काढा, पहिली सही माझी. पण कैदी आतून जास्त बिघडून बाहेर आला तर पुढचा पीडित तोच तयार करणार ना?

डॉ_निशाचर
मनोविकारतज्ज्ञ म्हणून दोन्ही बाजूंशी थोडं भांडतो.

काळा_कोट, कारण परिस्थितीत असलं तरी छातीतली धडधड खरी असते. जामीन होईपर्यंतच्या आठ महिन्यांत ती आवरता आली तर त्यात क्रूर काय? सावकाश श्वास आणि हलकी आसनं यांनी चिंता आणि झोप सुधारते. एकत्र बसण्याचाही उपयोग होतो. आत कोणी कोणासमोर कमजोर दिसायला तयार नसतो, वर्गात तेवढा वेळ कणखर दिसायची गरज पडत नाही.

पण इगतपुरीकर, सगळ्यांना सक्ती म्हणाल तर कडाडून विरोध. ज्याला आवाज ऐकू येतात अशा माणसाला दहा दिवस मौनात बसवलं तर तो आणखी बिघडू शकतो. तुमच्या केंद्रांच्या अर्जातही मानसिक आजाराची चौकशी असते, ती उगीच नाही. दुसरं, दारूचं व्यसन असलेला नवा कैदी पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडी येऊन दगावू शकतो. त्याला गोळी लागते, प्राणायाम नाही. हे ओळखणार कोण? पोलीस, तुरुंग, न्यायालयं यांची राज्यवार पाहणी करणाऱ्या इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५ प्रमाणे देशातल्या सगळ्या तुरुंगांत मिळून मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ २५. अख्ख्या देशात पंचवीस! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात प्रत्येक राज्यातल्या किमान एका तुरुंगात मानसिक उपचारांची सोय करायला सांगितलंय. माझी भीती ही की योगवर्गाचा फोटो छापून आला की या तज्ज्ञांच्या जागा भरायची गरजच कोणाला वाटणार नाही.

आणि ऑक्सफर्डचे दहा आठवडे संपल्यावर, माणूस सुटल्यावर काय झालं, हे त्या अभ्यासाने मोजलेलं नाही. तेवढ्यावर राज्यभर सक्ती करायची?

इगतपुरीकर
डॉक्टर, तपासणी करूनच बसवावं, मान्य. पण पंचवीसचे अडीचशे होईपर्यंत काय करायचं? शिकवणारे फुकट यायला तयार आहेत. आणि ओढ लावायची सोयही आहे: २०१६ मध्ये येरवड्यात योगाच्या परीक्षेत पास होणाऱ्यांना शिक्षेत तीन महिन्यांपर्यंत सूट देण्याची योजना आली होती. लालसेने का होईना, माणूस सतरंजीवर आला की पुढचं काम साधना करते.

काळा_कोट
शिक्षेत सूट! ज्याला शिक्षाच झालेली नाही त्याला कशातून सूट देणार? तुमच्या योजनेतून ७६ टक्के लोक पहिल्याच दिवशी वगळले जाणार.

मधला_बिछाना
मी कच्चा कैदी होतो, पुढे निर्दोष सुटलो. कुठल्या जेलात ते विचारू नका.

बराकीत कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागायचं. अशा ठिकाणी योगावाले पहिल्याच दिवशी "डोळे मिटा" म्हणाले. कोणी मिटेना. आत नवीन माणूस डोळे मिटत नाही. मीही अर्धे उघडे ठेवले होते, पण तीन-चार वर्गांनंतर मिटले. नंतर कधीतरी झोप यायला लागली. तेवढ्यासाठी त्या गुरुजींचा मी ऋणी आहे. सक्ती असती तर गेलो नसतो.

पण एक सांगतो, वर्ग सकाळी असायचा. सकाळी माणूस ठीक असतो, उन्हात फिरतो, कॅन्टीन असतं, वकील येण्याची आशा असते. संध्याकाळी बंदी झाली, कुलपं लागली की सुरू होतं. ते पहाटेपर्यंत. आणि त्या वेळी शिकवणारा कोणीच आत नसतो. माझ्या शेजारच्याने गळफास लावायचा प्रयत्न केला तो रात्रीच.

डॉ_निशाचर
मधला_बिछाना, हे महत्त्वाचं आहे. डोळे उघडे ठेवून, भिंतीला पाठ लावून, हात न लावता शिकवण्याची पद्धत आहे. ती प्रत्येक स्वयंसेवकाला आत पाठवण्याआधी शिकवायला हवी. रात्रीचं काय करता येईल?

इगतपुरीकर
रेडिओ. येरवड्यात कैद्यांनी चालवलेलं केंद्र आहे. इतरत्रही बंदीनंतर बराकींत स्पीकरवर वीस मिनिटं सूचना लावता येतील. ज्याला ऐकायचं तो ऐकेल. दिवसाचा वर्ग मात्र मी अजूनही सक्तीचाच म्हणेन.

काळा_कोट
दिवसाच्या वर्गावर आपलं जमणार नाही. रेडिओ चालेल, पण वीसपैकी दोन मिनिटं मला द्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे, काही अपवाद सोडून, आधी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की त्याला बंधपत्रावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायचं असतं आणि अर्ज खुद्द अधीक्षकांनी करायचा असतो. बराकीत हे कोणाला माहीत नसतं. आधी ते वाचा, मग श्वास.

मधला_बिछाना
ताई, ते मराठीत आणि हिंदीत दोन्ही वाचायला सांगा. आमच्या बराकीत निम्मे बाहेरच्या राज्यांतले होते.