गणपतीतलं नाटक: सोसायटी ग्रुप

सुलभा (बी-४०२): मुलांच्या नाटकाचं ठरलं. रवींद्रनाथांचं 'डाकघर', पाऊण तासात बसेल इतकं कापलंय. तालीम रोज ७ वाजता पार्किंगमध्ये. टू-व्हीलरवाल्यांनी गेटकडची बाजू रिकामी ठेवा प्लीज.

नेहा (सी-१०१): ताई, ओवीनं काल गोष्ट सांगितली. आजारी मुलगा खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट बघतो आणि शेवटी जातो?? गणपतीत हे? हसतं-खेळतं काहीतरी घ्या ना.

मकरंद (सचिव): अनुमोदन. गेल्या वर्षीचा बिरबल मस्त झाला होता.

सुलभा: मेला असं नाटकात कुणीच म्हणत नाही हो. राजवैद्य येतो, बंद दारं-खिडक्या उघडायला लावतो, अमलला झोप लागते. सुधा फुलं घेऊन येते. बास. त्याआधी सगळं दहीवाला, पहारेकरी, रस्त्यावरची पोरं. चिन्मयनं काल दह्याची अशी हाळी दिली की वॉचमनकाका खरंच बघायला आले.

नेहा: तरी पण. सहा-सात वर्षांची आहेत पोरं.

सुलभा: लांबलचक लिहितेय, वैतागू नका. १९४२ सालचं पोलंडमधलं वॉर्सा. नाझींनी ज्यूंना भिंतीआड कोंडलेलं. त्या घेटोत यानुश कोर्चाक हे मुलांचे डॉक्टर अनाथाश्रम चालवायचे, सुमारे २०० मुलं. उपासमार, टायफस. १८ जुलैला त्यांनी मुलांकडून हेच नाटक करून घेतलं. मरण समोर आलं तर मुलांना ते शांतपणे घेता यावं म्हणून, असं ते म्हणाल्याचं सांगतात. मला तेवढंच कारण पटत नाही. अमलला बाहेर पडायला बंदी, डोंगर दिसतो तो खिडकीतून. त्या पोरांना ही भूमिका कुणी समजावून द्यावी लागली नसेल. चारच दिवसांनी, २२ जुलैपासून, घेटोतली माणसं गाड्यांत भरून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत न्यायला लागले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात या मुलांना नेलं. कोर्चाकना सुटता आलं असतं. ते मुलांबरोबर गेले.

नितीन (ए-२०४): आज टँकर कितीला?

मकरंद: ४ ला. नितीन, वरचं वाच जरा.

घाटगे काका (ए-३०२): आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडची माणसं होती. पाचेक हजार, बहुतेक बायका-पोरं. रशियानं सायबेरियात नेलेली, इराणमार्गे आलेली. वडील सांगायचे, पोरं पंचगंगेत डुंबायची. ती वाचली. सुलभाताई, नाटक होऊ दे.

नेहा: मुलांना सांगणार का हे वॉर्साचं?

सुलभा: नाही. मोठ्यांना सांगेन, पडदा उघडायच्या आधी दोन वाक्यांत. मुलांनी दही विकावं.

नेहा: बरं. ओवी विचारतेय, तो मुखिया अमलला चिडवायला कोरा कागद देतो ना, राजाचं पत्र म्हणून. आणि ठाकुरदा, म्हणजे ते म्हातारे आजोबा, ते खरं धरून वाचतात. मग ते खोटं बोलतात का?

सुलभा: तिला काय वाटतं?

नेहा: म्हणाली, त्यांना चष्म्यातून दिसत असेल.

सुलभा: चष्मा घेते मग ठाकुरदांना. मकरंद, ऑफिसातून एक कोरा कागद देशील? कालच्या कागदामागे मेंटेनन्सची नोटीस होती, पहिल्या रांगेतून वाचता येते.