मदत हवी आहे : टॉवेल कारखान्यातील कामगारांसाठी ई-लर्निंग

सप्रेम नमस्कार. सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात मी प्रशिक्षणाचे काम पाहतो. नव्या कामगारांसाठी सुरक्षिततेचा 40 मिनिटांचा अभ्यासक्रम आम्ही मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवर चढवला असून, शेवटच्या 10 प्रश्नांत जवळपास सर्वच जण उत्तीर्ण होतात. तरीही परवा दुसऱ्या पाळीत, पूर्ण गुण मिळवलेला एक मुलगा चालू मागातच तुटलेला धागा जोडायला हात घालताना मी स्वतः पाहिला; मुकादमाने धावत येऊन माग बंद केला म्हणून निभावले. प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्याच्या कर्कपॅट्रिक यांच्या 4 पातळ्यांच्या भाषेत, आम्ही दुसरी पातळी, म्हणजे शिकणे, तेवढी मोजतो आणि तिसरी, प्रत्यक्ष वागणुकीची, कोरीच राहते.

आता 5-5 मिनिटांचे तुकडे करून, माहितीऐवजी प्रसंग द्यावा (‘धागा तुटला, आधी काय कराल?’) आणि तोच प्रश्न काही दिवसांनी पुन्हा विचारावा, असा विचार आहे. कोणी असे केले असल्यास किती अंतर ठेवले? मागाजवळची वागणूक कोणी व कशी नोंदवली?

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे बरेच कामगार मराठी समजतात, पण वाचताना अडखळतात. त्यांच्यासाठी केवळ निवेदनाचा आवाज त्यांच्या भाषेत देणे पुरेल का? (मागांच्या खडखडाटात तोही ऐकू येत नाही, हे वेगळेच.)

शिवाय स्कॉर्म 1.2 या, अभ्यासक्रम मूडलसारख्या प्रणालीशी जोडणाऱ्या मानकामध्ये प्रगतीच्या नोंदीला 4096 अक्षरांचीच मर्यादा असल्याने लांब अभ्यासक्रम अर्धवट सोडल्यास नोंद अपुरी राहते. तुकडे करणे पुरेसे ठरेल, की एक्सएपीआय या, शिकण्याच्या नोंदी ठेवण्याच्या नव्या मानकाकडे वळावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.