केपसिटाबिनच्या गोळ्यांनी आईचे हात काळे पडलेत, काय करावं?

ऐरोलीकर: आईला कॅन्सरसाठी आधी डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फामाइड ही सलाइनमधून दिलेली केमो झाली, आता केपसिटाबिन ही केमोची गोळी चालू आहे. तळहात आणि बोटांची पेरं काळी पडलीत, नखांवर आडवे पट्टे आलेत. नातेवाईक लिंबू-हळद लावायला सांगतात. लावू का? रंग परत येईल का?

कळव्याची ताई: लिंबू अजिबात नको. त्वचा आधीच नाजूक असते, आंबटाने चरचरेल आणि उन्हात डाग आणखी गडद होतील. दुकानात मिळणारी गोरेपणाची क्रीमही नकोत, बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. रंग बहुतेकदा फिकटतो, पण उपचार संपल्यावर, काही महिन्यांत. नखांचे पट्टे नख वाढेल तसे पुढे सरकतात: हाताचं नख पूर्ण बदलायला साधारण ६ महिने, पायाच्या अंगठ्याचं वर्षभर किंवा जास्त.

फार्मसीवाला, वाशी: नुसता काळेपणा निरुपद्रवी असतो, त्यासाठी गोळ्या थांबवायच्या नसतात. लक्ष ठेवायचं ते हात-पाय लाल होणं, सूज, आग, फोड यांवर. दुखायला लागलं किंवा भांडं धरणं, चालणं जड झालं, तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना फोन करा, ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका. बहुधा थोडी विश्रांती देऊन डोस कमी करतात. चुकलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नाहीत. १० टक्के युरियाचं क्रीम पहिल्या दिवसापासून दिवसातून दोन-तीनदा लावलेलं बरं, पण चिरलेल्या जागी नको, झोंबतं. गरम पाण्यात भांडी नकोत, चपला मऊ आणि सैल हव्यात. बाहेर पडताना एसपीएफ ३०चं सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा.

ऐरोलीकर: आणि सलाइन लावलेल्या हातावर शिरेच्या रेषेत काळी रेघ आहे, ती?

फार्मसीवाला, वाशी: औषधाने शिरेवरची त्वचा काळवंडते, हळूहळू जाते. मात्र सलाइन चालू असताना तिथे जळजळ किंवा सूज आली तर औषध शिरेबाहेर झिरपत असू शकतं. त्याच क्षणी सिस्टरना हाक मारायची.

कळव्याची ताई: एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. केपसिटाबिनने बोटांचे ठसे पुसट होतात आणि आधारच्या मशीनवर अंगठा जुळत नाही. अशा वेळी ओटीपी, बुबुळ किंवा चेहऱ्याने पडताळणी मागा. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही काढता येतो. आधारला मोबाइल नंबर जोडलेला आहे का, ते आत्ताच पाहून ठेवा.